हाडवैद्याचा मुलगा

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात जांभळे पिकतात आणि पोरांचे हात मोडतात. शहापूरहून डोळखांब-किन्हवलीच्या बाजूला निघाले की शेणवा लागते. त्याच्या आसपासच्या पाड्यांवर या दिवसांत शाळा उघडायची असते, मोठी माणसे पेरणीच्या घाईत असतात आणि पोरे झाडावर असतात. जांभळाचे लाकूड मुळात ठिसूळ. फांदीचा आवाज कानावर येतो तेव्हा पोर अर्ध्या वाटेत असते. पडणारा माणूस तळहात पुढे करतो, मग तो शेणव्याच्या पाड्यावरचा ठाकराचा मुलगा असो की शिकागोचा. अंगाचा सगळा भार मनगटाच्या वर, दोन बोटांच्या अंतरावर येतो आणि तिथले हाड पिचते. लहान मुलांच्या मोडलेल्या हाडांत जगभर पहिला नंबर याच जागेचा आहे.

मग घरात वाद सुरू होतो. मुरगळले की मोडले? चोळावे की बांधावे? शेजारच्या पाड्यावरच्या हाडवैद्याकडे न्यावे, की जीप मिळवून शहापूरच्या सरकारी रुग्णालयात? हाडवैद्य ओळखीचा असतो. त्याने बापाचा पाय बसवलेला असतो, आजाचा खांदा बसवलेला असतो. तो पैसे मागत नाही, दिले तर नाही म्हणत नाही. रुग्णालयात फोटो काढतात, प्लास्टर घालतात, आठ दिवसांनी पुन्हा बोलावतात. दोन दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच. या वादात दोन्ही बाजूंनी बोलणारी शहाणी माणसे मी ऐकली आहेत. आणि हा वाद काही आपल्या डोंगरापुरता नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहरात तो एकाच घरात, बाप आणि मुलगा यांच्यात झाला होता. बाप हाडवैद्य होता, मुलगा पदवीधर सर्जन. मुलाचे नाव ह्यू ओवेन थॉमस. मांडीचे हाड मोडलेल्या रोग्याच्या पायाला जो लांब लोखंडी सापळा लावतात त्याला थॉमस स्प्लिंट म्हणतात, तो याचाच. हाडांच्या डॉक्टरांच्या तोंडी त्याचे नाव रोज असते; बाकीच्यांना त्याची कथा फारशी ठाऊक नसते. ती ठाऊक असण्याजोगी आहे.

कथा सुरू होते एका फुटलेल्या जहाजापासून. वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचे बेट आहे. १७४० च्या दशकात कधीतरी, वादळी रात्री तिथल्या खडकांवर एक जहाज फुटले आणि दोन लहान मुले किनाऱ्याला लागली. त्यांतला एक थोड्याच दिवसांत वारला. दुसरा जगला. सावळा होता, कुणाला न समजणारी भाषा बोलत होता. स्पेनचा असावा असे लोकांनी ठरवून टाकले. एका शेतकरी घराने त्याला वाढवले आणि त्या भागातले सर्वांत साधे नाव त्याला दिले, इव्हान थॉमस. हा मुलगा मोठा होऊ लागला तसे लक्षात आले की जनावरांची मोडलेली हाडे त्याच्या बोटांना कळतात. आधी मेंढ्या, कोंबड्या, मग माणसे. कुणी शिकवले, कुठून आणले, याचा पत्ता लागला नाही. १८१४ साली तो वारला तेव्हा बेटावर हाडवैद्याचे एक घराणे उभे राहिले होते. मुलगा तेच करू लागला, नातू तेच. आपल्याकडे विद्या अशीच चालत येते, हातातून हातात, कागदाला न शिवता.

त्याचा नातू, त्याचेही नाव इव्हान, बेट सोडून लिव्हरपूलला आला. लिव्हरपूल तेव्हा जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होते. गोद्या, जहाजे, याऱ्या, ओझी. रोज कुणाचा ना कुणाचा हातपाय मोडायचाच. वेल्समधून पोट भरायला आलेल्या हजारो माणसांना आपली भाषा बोलणारा, पैशाची घाई न करणारा हाडवैद्य म्हणजे देवच. इव्हानची भरभराट झाली. शहरातल्या डॉक्टरांना ते बघवले नाही, हे ओघाने आलेच. त्याच्यावर खटले झाले, एकापेक्षा अधिक वेळा. तो सुटत गेला, पण कोर्टाच्या पायऱ्या चढून चढून शहाणा झाला. आपल्या पाचही मुलांना त्याने डॉक्टरीला घातले. हाडवैद्य बापाने घेतलेला हा निर्णय मला फार मोठा वाटतो. आपला धंदा आपल्याबरोबर संपणार आणि मुलांनी परवाना घेतल्याशिवाय त्यांचे हात बांधले जाणार, हे त्याने ओळखले. १८५८ साली इंग्लंडात डॉक्टरांची नोंदणी करणारा कायदा झाला आणि त्याचे अनुमान खरे ठरले.

थोरला ह्यू. जन्म २३ ऑगस्ट १८३४, अँगलसीवरच. प्रकृतीने तोळामासा, म्हणून लहानपणी आजीआजोबांपाशी बेटाच्या हवेवर ठेवलेला. खेळताना दगड लागून एक डोळा जायबंदी झाला, पापणी कायमची बाहेर वळली. पुढे आयुष्यभर तो जहाजावरच्या माणसांसारखी छज्जाची टोपी डोळ्यावर ओढून घालत असे, ती त्यामुळे. सतराव्या वर्षाच्या सुमारास तो वेल्समध्येच डॉक्टर असलेल्या मामाकडे उमेदवारीला राहिला. मग एडिंबरो, लंडन, थोडे पॅरिस. १८५७ साली रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची सनद मिळाली आणि पुढच्या वर्षी तो बापाच्या दवाखान्यात येऊन बसला.

एक वर्षही धड टिकला नाही. नेमके कशावरून बिनसले याच्या तपशिलात जाण्यात अर्थ नाही; एका म्यानात दोन तलवारी, आणि एकीला धार सनदेची, दुसरीला अनुभवाची. मुलगा बाहेर पडला, गोदीतल्या कामगारांच्या वस्तीत त्याने स्वतःचा दवाखाना थाटला. १८६४ साली लग्न केले आणि १८६६ पासून नेल्सन स्ट्रीटवरच्या ११ नंबरच्या घरात राहू लागला. तिथेच राहणे, तिथेच दवाखाना, मागे लोहाराची भट्टी आणि चांभाराचे सामान. होय, लोहार आणि चांभार. कारण ह्यू थॉमसने बापाचे घर सोडले, बापाची विद्या सोडली नाही.

हाडवैद्याच्या घरात त्याने पाहिले होते ते असे, की हाड बोटांनी वाचायचे असते. कुठे खोलगट लागते, कुठे कळ उठते, हात कुठल्या बाजूला वळवला की रोगी तोंड फिरवतो. पट्टी कशी गुंडाळायची, कामटी कशी घासायची, चामडे कसे भिजवून वळवायचे. मेडिकल कॉलेजात हे शिकवत नसत. तिथे शिकवत ते कापायला. त्या काळातले सर्जन सुजलेला, सडू लागलेला सांधा पाहिला की सुरी काढत. सांधा कापून टाकत नाहीतर पायच कापत. लिव्हरपूलच्या दमट, कोंदट वस्त्यांत मुलांच्या खुब्याला, गुडघ्याला, मणक्याला क्षय लागे. अशा मुलांची रांग त्याच्या दारी लागे. थॉमसने त्यांचे पाय कापायचे नाकारले. त्याने लोखंडाची पट्टी वाकवून मुलाच्या पाठीपासून पायापर्यंत असा सापळा बनवला की दुखरा सांधा हलू शकणार नाही पण मुलगा कुबड्यांवर अंगणात फिरू शकेल. भट्टीत लोखंड तापवून तो स्वतः मापाने वाकवून घेई. १८७५ साली खुबा, गुडघा आणि घोट्याच्या सांध्यांवर त्याने पुस्तक लिहिले. त्याच्या सगळ्या शिकवणीचे सार एका शब्दात मावते: विश्रांती. दुखऱ्या भागाला पूर्ण, न मोडणारी, हवी तितके दिवस विश्रांती. रोगी पडून राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. तो भाग पडून राहिला पाहिजे.

इथेच त्याने बापाच्या विद्येतली खोट बाजूला काढली. हाडवैद्याची चूक हाड बसवण्यात क्वचित असते, ती नंतर असते. सांधा मोकळा व्हावा म्हणून तो खेचतो, पिळतो, चोळतो. लोकांनाही तेच आवडते, काहीतरी केल्यासारखे वाटते. थॉमसला ते मुळीच पटत नसे. सुजलेल्या सांध्याला हलवणे म्हणजे जखमेची खपली रोज काढणे. आणि दुसऱ्या बाजूच्या सनदी मंडळींनाही त्याने तेच सुनावले, की तुमची सुरी म्हणजे याच घाईचे दुसरे रूप आहे. स्वाभाविकच दोन्हीकडची माणसे त्याच्यावर चिडून राहिली.

लहान मुलाच्या मनगटाच्या बाबतीत ही घाई काय करते ते थोडे सांगायला हवे, कारण शेणव्याच्या त्या वादाचे मर्म इथे आहे. मुलाचे हाड म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडाची छोटी आवृत्ती नाही. ते ओल्या फांदीसारखे असते. कधी त्याला एका बाजूला फक्त फुगवटा येतो, जसा ओला कागदी पुठ्ठा दाबल्यावर यावा. कधी एक बाजू चिरते आणि दुसरी नुसती वाकते. वर जाड पापुद्र्याचे आवरण असते, ते सहसा पूर्ण फाटत नाही आणि आतल्या हाडाला धरून ठेवते. शिवाय मनगटाजवळ वाढीची चकती असते. हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाची तीन-चतुर्थांशाहून जास्त वाढ या मनगटाकडच्या टोकाला होते. म्हणून लहान वयात थोडे वाकडे जुळलेले हाडही वर्ष-दोन वर्षांत आपोआप सरळ होते. शल्यतंत्राचा आपला मूळपुरुष सुश्रुत याने हे केव्हाच टिपून ठेवले आहे, की हाड बालवयात महिन्यात जुळते, मध्यम वयात त्याला दुप्पट काळ लागतो आणि उतारवयात तिप्पट. त्याने बांधण्याविषयीही लिहिले आहे. पट्टी सैल राहिली तर हाड स्थिर होत नाही, फार आवळली तर सूज, वेदना आणि पाक होतो. म्हणून बांधावे ते बेताचे आणि ऋतूप्रमाणे तीन, पाच, सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधावे. बांबूच्या, पळसाच्या, वडाच्या सालींच्या पट्ट्या वापराव्यात. शेणव्याकडच्या हाडवैद्याच्या कामट्यांचे कूळ इतके जुने आहे.

पण मूळ ग्रंथातला बेताचा हा शब्द वाटेत हरवला की अनर्थ होतो. १८८१ साली जर्मनीत हाले इथल्या फोल्कमान नावाच्या सर्जनाने, म्हणजे थॉमसच्याच काळात, आवळून बांधलेल्या हाताचे काय होते ते जगापुढे मांडले. मोड झाल्यावर काही तासांत सूज वाढते. वरची पट्टी वाढत नाही. मग आतल्या स्नायूंना रक्त मिळेनासे होते आणि ते मरतात. हाड छान जुळते, पण हात पक्ष्याच्या पंजासारखा वळून बसतो आणि पुन्हा उघडत नाही. त्याहून वाईट म्हणजे हात काळा पडतो आणि कापावा लागतो. हे कामट्यांनी होते तसे प्लास्टरनेही होते. म्हणून शहाणा डॉक्टर पहिल्या दिवशी पूर्ण प्लास्टर घालण्याऐवजी अर्धे घालतो आणि वर सैल पट्टी गुंडाळतो. मनगटापेक्षा कोपराच्या मोडीत हा धोका अधिक. आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत हाडांच्या विभागात थोडी वर्षे काढलेल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, आवळलेल्या बांधणीने हात गमावलेले एखादे मूल त्याच्या आठवणीत असतेच. मुलाला झोप येऊ न देणारी, वाढत जाणारी कळ. बोटे कुणी सरळ केली तर किंचाळणे. बोटे गार, फिकी किंवा निळी, मुंग्या आलेली. यांतले काहीही दिसले तर बांधलेले आधी सोडायचे, कुणी बांधले ते नंतर बघायचे. आणि जिला फक्त मुरगळले समजून तेल लावून रोज चोळतात ती वाढीची चकती असेल, किंवा आठ-दहा दिवसांनी जुळू लागलेले हाड पुन्हा खेचून बसवले असेल, तर हाडाची वाढ खुंटू शकते. ते लगेच दिसत नाही. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाल्यावर दिसते.

मग लोक जातात का? माझी नोकरीतली काही वर्षे ग्रामीण शाखांत गेली. त्या काळात कर्जाच्या व्याजावर भाषणे पुष्कळ ऐकली आणि एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. आमचा काउंटर दुपारी दोनला बंद व्हायचा, सावकाराचे दार रात्री अकराला वाजवले तरी उघडायचे. माणसे सावकाराकडे अडाणीपणाने जात नसत. तो जागा असतो म्हणून जात. हाडवैद्याला सावकाराच्या रांगेत बसवायचे नाही, त्यांच्यातले कितीतरी जण खरोखर धर्म म्हणून हे करतात. मुद्दा दाराचा आहे.

थॉमसला हे जन्मापासून कळलेले होते. त्याचे दार रविवारी उघडे असे. त्या दिवशी सगळे फुकट. पहाटेपासून नेल्सन स्ट्रीटवर माणसांची रांग, कडेवर मुले, कुबड्या, हातगाड्या, वेल्सहून, आजूबाजूच्या परगण्यांतून आलेले शेतकरी. सोमवार ते शनिवारही तो पहाटे उठून आधी घरोघर जाई. स्वतः आखलेली, भडक लाल रंगाची घोडागाडी हाकत. ठेंगणी, सडपातळ मूर्ती, गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट, डोळ्यावर टोपी, ओठांत सिगारेट. घरी आल्यावर दवाखाना, दुपारी शस्त्रक्रिया, संध्याकाळी पुन्हा गाडी, रात्री भट्टीपाशी. कुठल्याही मोठ्या रुग्णालयात त्याला आयुष्यभर जागा मिळाली नाही. सुट्टी जवळजवळ त्याने घेतलीच नाही. पोटी मूल नव्हते.

त्याच्या या दिनक्रमात हाताच्या मोडी म्हणजे रोजचा भाजीभाकरीचा मामला होता. गोदीत पडलेली पोरे, जिन्यावरून घसरलेल्या मुली. कोपराच्या दुखापतीला त्याने जी युक्ती काढली ती इतकी साधी आहे की तिचा शोध लावावा लागला असेल हेच पटत नाही. हात कोपरात वाकवायचा, मनगटाला एक पट्टा आणि तोच गळ्यात. बस. गळ्याचा पट्टा आणि मनगटाची कडी मिळून हात स्वतःच्या वजनाने स्थिर राहतो. आज शेणव्यातल्या शाळेत मास्तर मुलाचा हात ओढणीने गळ्यात अडकवून त्याला पुढे पाठवतात, तेव्हा ते थॉमसचेच काम करतात. मुख्य म्हणजे यात आवळायला काही नाही.

आता त्याचे दोष. तो स्वभावाने काटेरी होता. लेखणी हातात घेतली की समोरच्याचे नाव घेऊन झोडपत असे. पुस्तके स्वतःच्या खर्चाने, लहान आवृत्तीत छापी आणि त्यांची भाषा इतकी ओबडधोबड की लंडनच्या पंडितांना ती न वाचण्याला आयतेच निमित्त मिळे. विश्रांतीची मात्रा कधी जास्त होऊच शकत नाही, हा त्याचा हट्ट होता. क्षयाने पोखरलेल्या सांध्याला ते लागू होते, कारण त्यावर औषध यायला अजून साठ-सत्तर वर्षे होती. साध्या मोडीला ते लागू नाही. महिनोन्‌महिने बांधून ठेवलेला सांधा आखडतो. पण त्या काळात सगळे जग उलट्या टोकाला असताना त्याने दोरी आपल्या बाजूला जोराने ओढली, म्हणून ती मध्यावर आली, असे मला वाटते.

त्याच्याकडे शिकायला आले ते परदेशी. न्यूयॉर्कचा तरुण सर्जन जॉन रिडलन लिव्हरपूलला येऊन त्याच्याबरोबर राहिला, सापळे कसे बनवायचे ते शिकून परत गेला आणि आपल्या वरिष्ठाचा सापळा सोडून थॉमसचा वापरला म्हणून नोकरीतून गेला. रिडलनने मत बदलले नाही. अशी माणसे मिळणे ही गुरूची खरी पेन्शन.

मात्र खरा वारस घरातच होता. १८७३ साली बायकोचा भाचा, सोळा वर्षांचा रॉबर्ट जोन्स, शिकायला म्हणून नेल्सन स्ट्रीटवर आला आणि तिथलाच झाला. मामाच्या हातचे कसब त्याने उचलले. मामाची जीभ नाही. हसतमुख, माणसे जोडणारा, विरोधकाला चहाला बोलावणारा. थॉमसला जे पटवता आले नाही ते जोन्सने न भांडता पटवले. १८८७ साली मँचेस्टरपर्यंत जहाजांचा कालवा खणायचे काम निघाले. ३६ मैलांचा कालवा, हजारो मजूर, दगडमाती, सुरुंग. मजुरांच्या अपघातांची जबाबदारी जोन्सकडे आली. त्याने कालव्याच्या अंगाने तीन रुग्णालये उभारली आणि मधे मधे प्रथमोपचाराची ठाणी बसवली. मोड झाली की पहिल्या ठाण्यावर योग्य बांधणी, तिथून रेल्वेने रुग्णालयात. नेल्सन स्ट्रीटची रविवारची रांग त्याने जणू ३६ मैल लांब पसरून दिली. अपघातग्रस्तांसाठी आखलेली अशी सलग व्यवस्था जगात त्याआधी कुणी केल्याचे दिसत नाही. आपल्याकडे १०८ क्रमांकाची गाडी २०१४ साली सुरू झाली. शेणव्यासारख्या गावांना तिचा उपयोग आहे, पण गाडी येईपर्यंतचा जो अर्धा-पाऊण तास असतो, त्या वेळात पाड्यावर कुणाचे हात काम करतात त्यावर बरेच अवलंबून असते.

कालवा पूर्ण झालेला पाहणे थॉमसच्या नशिबी नव्हते. डिसेंबरअखेरच्या कडाक्यात एका रोग्याला पाहायला गेला, थंडी बाधली, न्यूमोनिया झाला आणि ६ जानेवारी १८९१ रोजी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तो वारला. प्रेतयात्रेला लिव्हरपूलचे कामगार हजारोंनी रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. वैद्यकीय पुढाऱ्यांची गर्दी तितकी नव्हती.

तो पाच वर्षे आणखी जगता तर एक चमत्कार त्याच्या घराच्या माणसाच्या हातून घडताना त्याने पाहिला असता. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत रोंटगेनला क्ष-किरण सापडले. फेब्रुवारी १८९६ मध्ये जोन्स लिव्हरपूलमधल्या एका बारा वर्षांच्या मुलाला घेऊन ऑलिव्हर लॉज या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. मुलाच्या मनगटात बंदुकीची बारीक गोळी अडकली होती आणि हाताला लागत नव्हती. दोन तासांहून अधिक वेळ मुलाचा हात किरणांखाली ठेवला, आणि काचेवर हाडांमध्ये अडकलेली गोळी दिसली. त्याच महिन्यात अमेरिकेत डार्टमथ इथे बर्फावर घसरून मनगट मोडलेल्या चौदा वर्षांच्या मुलाचा फोटो निघाला. तो तिथल्या पहिल्या वैद्यकीय फोटोंपैकी एक. नव्या विद्येपुढे सुरुवातीला आलेल्या रोग्यांत लहान मुलांची मनगटे होती. तीन पिढ्यांनी बोटांनी वाचलेले हाड आता डोळ्यांना दिसू लागले.

पुढची गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांपैकी शंभरातले ऐंशी मरत, असे म्हणतात. जोन्सने मामाचा सापळा आघाडीवर नेला आणि हे प्रमाण विसाच्या आत आले. हे आकडे नेहमी दिले जातात; त्यांची दशांशात खातरजमा करणारे वाद घालोत बापडे, पण कितीतरी आयांची मुले परत आली हे खरे. लिव्हरपूल विद्यापीठात हाडांच्या शल्यक्रियेची स्वतंत्र पदवी सुरू झाली ती जोन्सच्या हयातीत. मुंबई-पुण्याच्या जुन्या डॉक्टरांच्या पितळी पाट्यांवर एमसीएच ऑर्थ, लिव्हरपूल अशी अक्षरे आपण वाचलेली असतील. त्या पाटीच्या मुळाशी नेल्सन स्ट्रीटची भट्टी आहे, आणि तिच्याही मुळाशी जहाजातून वाहून आलेला तो पोर.

आणि विश्रांतीच्या मात्रेचे काय? त्याचा हिशोबही लिव्हरपूलनेच पुरा केला. २०२२ साली लॅन्सेट या साप्ताहिकात ब्रिटनमधल्या २३ रुग्णालयांतल्या ९६५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याची सूत्रे धरणारा सर्जन लिव्हरपूलच्या मुलांच्या रुग्णालयातला. चार ते पंधरा वर्षांची ही मुले, सगळ्यांच्या मनगटाच्या हाडाला नुसता फुगवटा आलेला. अर्ध्यांना कडक आधार आणि पुन्हा तपासणी. उरलेल्यांना एक मऊ पट्टी, तीही वाटली तर, आणि घरी जायला मोकळीक. तिसऱ्या दिवशीची कळ दोघांची सारखी. सहा आठवड्यांनी हात दोघांचे सारखे. म्हणजे मनगटाच्या या सर्वांत साध्या मोडीला फारसे काही करावेच लागत नाही. पण ही मोड तीच आहे आणि हाड सरकलेले नाही, हे ठरायला आधी एक फोटो लागतो आणि तो वाचणारा माणूस लागतो. शेणव्याच्या मुलासाठी तो प्रवास शहापूरपर्यंतचा. हाड सरकलेले निघाले तर कधी पुढे कल्याण-ठाण्यापर्यंतचा.

जोन्सने नेल्सन स्ट्रीटचा दवाखाना मामाच्या मागे त्याच पत्त्यावर चालवला. तिथे १९०३ च्या सुमारास श्रॉपशर परगण्यातल्या बॅसचर्च नावाच्या खेड्यातून अॅग्नेस हंट नावाची परिचारिका येऊ लागली. स्वतः लहानपणच्या आजाराने कायमची लंगडी. खेड्यातल्या अपंग मुलांसाठी तिने १९०० साली घर उघडले होते. त्या मुलांना ती रेल्वेत घालून, ढकलगाड्यांसकट लिव्हरपूलला आणी आणि दाखवून परत नेई. काही काळाने जोन्सनेच तिच्याकडे जायला सुरुवात केली, ठरल्या दिवशी, त्या खेड्यात. हंटबाईंनी पुढे आसपासच्या बाजाराच्या गावांत उपचारानंतरच्या तपासणीची केंद्रे काढली, म्हणजे आईला मुलाचा पाय दाखवायला दूर जायला नको. मुले येत, प्लास्टर नीट आहे का, बोटे उबदार आहेत का, सापळा आता लहान पडतो का, हे पाहून ती संध्याकाळच्या आत घरी जात.